न तुटणारा धागा

निसर्ग दिवसाच्या त्या फोटोत हिरवे टी-शर्ट घातलेले आम्ही आहोत, शाळेची मुलं आहेत, मागे कडुनिंबावर रंगीत धाग्यांचे झुबके आहेत. अण्णा नाहीत. ते चार पावलांवर खुर्चीत होते, आणि त्यांना तिथे मीच बसवलं होतं. तो फोटो दिसला की अजून माझं डोकं फिरतं.

सुरतेत भेस्तानला आमच्या वस्तीमागे बाग आहे. तिथे चैत्रात मुलांना झाडं ओळखायला शिकवायचं, पाण्याची भांडी टांगायची आणि पाखरांना घरट्यासाठी धागे ठेवायचे, असा आमच्या मंडळाचा बेत होता. धाग्यांची अक्कल माझी. आमच्याकडे धाग्याला काय तोटा! माझे वडील, अण्णा, धुळ्याकडून सुरतेला आले तेव्हापासून लूमवर, यंत्रमागावर आहेत. कार्यक्रमाला हवंय एवढंच मी सांगितलं, कशाला ते नाही. त्यांनी पॉलिएस्टरचं वेस्ट, लूमवरचा उरलेला धागा, पोतंभर आणून दिलं. तोरणांसाठी असेल, असं त्यांना वाटलं.

त्या दिवशी ते रात्रपाळी करून, न झोपता थेट बागेत आले. मुलं फांद्यांना धागे बांधतायत हे पाहिलं आणि मंडळाच्या मॅडमकडे गेले. "मॅडम, ये धागा टूटता नहीं. पंछी का पाँव कट जाएगा. कॉटन की सुतली बाँधो." आणि त्यांनी बोटं पुढे केली. त्या बोटांवर पळता धागा धरल्याच्या बारीक चिरा आहेत, माझ्या जन्माआधीपासूनच्या.

मॅडम हसल्या. "अरे काका, आ तो केटलो पोचो छे!" मऊ म्हणे! आयुष्यात एकदा तरी लूमजवळ उभ्या राहिल्या होत्या का?

पण मॅडमना काय बोलू? अण्णा पुन्हा तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हणाले, "अण्णा, तमे बेसो ने." तुम्ही बसा ना. घरात आम्ही मराठी नाहीतर अहिराणी बोलतो, गुजरातीत मी त्यांच्याशी कधी बोललेले नाही. त्या दिवशी बोलले, कारण समोर मंडळ होतं आणि बाप लूमवाला होता. मला लाज वाटली होती. हे लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

ते बसले.

आठवड्याभराने शेजारची मुलगी धावत आली. कडुनिंबाला साळुंकी उलटी लटकून फडफडत होती. अण्णा स्टूल आणि लूमवरची छोटी कात्री घेऊन निघाले. "धर," एवढंच मला म्हणाले. जांभळा धागा पायात हाडापर्यंत रुतला होता. ते एकेक पदर कापत होते, अजिबात न ओढता. शेवटचा पदर सुटला तेव्हा साळुंकी माझ्या मुठीत मेलेली होती.

मग अण्णांनी पाळीची वेळ होईपर्यंत सगळी झाडं धुंडाळली आणि एकेक झुबका उतरवला.  

मेलेल्या साळुंकीचा फोटो मी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. उत्तर आलं, असे फोटो टाकू नका, मुलं बघतात. मुलांनी बघावा म्हणूनच टाकला होता! धागे बांधायला मुलं चालतात, मग त्याचं काय झालं ते बघायला का नाही?

यंदा चैत्रात मॅडमचा पुन्हा फोन आला, धागे मिळतील का. मी ठणकावून सांगितलं, आधी माझे वडील मुलांशी बोलतील, मगच पुढचं. त्या तयार झाल्या. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला, पिशवीत कापसाच्या सुतळीचा गुंडा घेतला. रस्त्याने मला सगळं समजावत होते, काय सांगायचं, गाठ कशी मारून दाखवायची.

बागेत मॅडम दिसल्या आणि अण्णा बोलायचे थांबले. कुणी काही म्हणायच्या आत ते मागच्या रांगेतल्या खुर्चीत जाऊन बसले. मी हात धरला, "अण्णा, उठा ना, तुम्ही बोला."

त्यांनी सुतळीचा गुंडा माझ्या हातात दिला आणि बसल्या खुर्चीवर हात थोपटला.

"तू सांग, बेटा. मी आठेच बससू."