चार नंबरचा फुगा

अमरावतीत मी ज्या दुकानात काम करते तिथे फ्लेक्स छापतात. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, दहावीत नव्वद टक्के पाडलेली पोरं. फोटोतल्या माणसामागचा पसारा पुसायचा, तिथे ढग नाहीतर गुलाब टाकायचे आणि खाली अक्षरं बसवायची, हे माझं काम. पुसण्यात माझा हात कोणी धरणार नाही. हे मी फुशारकीनं सांगायची. आता जरा कमी सांगते.

तो पहिल्यांदा दुकानात आला तो कॉलेजच्या कुठल्याशा कार्यक्रमाचं बॅनर करायला. अकोल्याचा, इथे इंग्रजीत एमए करत होता. माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात जपानी कॉमिक उघडं होतं, मांगा म्हणतात ते. हाणामारीचं. एक पोरगा बुक्कीनं डोंगर फोडतो आणि एक पोरगी कसलंही कुलूप उघडते, अशी गोष्ट. बॅनर राहिलं बाजूला, आम्ही तासभर त्या डोंगरावरच भांडलो. निघताना तो म्हणाला, “हे आपल्या बोलीत असतं तं काय मजा आली असती.”

मी म्हटलं, “मंग कर ना. कोनं अडवलं तुले?”

त्यानं खरंच केलं. एक लांबडी वही घेतली. इंग्रजीवरून अर्थ लावायचा आणि पान, चौकट आणि फुगा, म्हणजे पात्राचं बोलणं ज्यात असतं तो गोल, यांचे आकडे टाकून एकेक वाक्य वऱ्हाडीत लिहायचा. मी मूळ जपानी पानं घ्यायची, फुग्यातली अक्षरं पुसायची आणि त्याची वाक्यं बसवायची. पान तयार झालं की मोबाइलवरच्या आमच्या ग्रुपवर टाकायचं. शे-दीडशे लोक वाचायचे. नायक खलनायकाला “काहून बे, लय माजला काय?” असं विचारायला लागला तेव्हा त्यातले निम्मे लोक आले. परवानगी वगैरे आम्ही कोणाची घेतली नव्हती, तो गुन्हा वेगळा.

आमचे नियम मोजके होते. त्यातला एक असा, की रिकाम्या फुग्याला हात लावायचा नाही. ह्या कॉमिकांत पात्रं फार गप्प बसतात. बोलायचं असतं पण बोलवत नाही, तेव्हा फुग्यात नुसते ठिपके असतात. जपानी मजकूर वरून खाली जातो, म्हणून ते ठिपकेही एकाखाली एक. वहीत त्या आकड्यासमोर तो “रिकामा” लिहायचा, आणि मूळचे ठिपके मी तसेच राहू द्यायची.

ह्या गप्प बसण्यावर माझं तोंड फार चालायचं. डोंगर फोडतो आणि तीन शब्द फुटत नाहीत ह्याच्या तोंडातून. ती बिचारी प्रत्येक लढाईनंतर ह्याच्या हाताला पट्टी बांधते, आणि हा म्हणतो, भूक लागली. कधी नव्हे ते बोलायला तोंड उघडलंच, तर नेमका बाजूला स्फोट होतो आणि तिला ऐकूच येत नाही. पुढच्या पानावर चौकट, “तीन वर्षांनंतर”. मी चिडून म्हणायची, “याच्या जागी मी असती तं पह्यल्याच भागात सांगून मोकळी झाली असती.” तो हसायचा. समोरच्या टपरीवरून दोन चहा आणायचा, माझा कमी साखरेचा. मी न सांगता.

तो मला आवडत होता. इथे ठिपके टाकत नाही, सरळ लिहिते. माझ्या शिफ्टची वेळ त्याच्या येण्यावर ठरत होती, आणि तो यायचा नसेल त्या दिवशी मी गिऱ्हाइकांवर खेकसायची. पण मी दर्यापूरकडच्या शेतकरी घरातली, मामाकडे राहणारी, आणि तो बौद्ध. मामीनं त्याला एकदाच दुकानात पाहिलं होतं. घरी आल्यावर कणीक मळता मळता म्हणाली, “पोरगा चांगला हाय. पन आपल्यातला नाई, ध्यानात ठेवजो.” मी भांडले नाही. हो म्हणाले आणि ताटं मांडली.

मग त्याला अकोल्यात सरकारी नोकरी लागली. त्यानं पेढे आणले, मी दोन खाल्ले. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हायचं होतं. त्याच आठवड्यात त्यानं वहीतला पुढचा भाग दिला. नायक शेवटच्या लढाईला निघतो, ती पट्टी बांधते, आणि तो तिच्याकडे नुसतं पाहत राहतो. चौकटीत चार फुगे, चौथा रिकामा.

पण वहीत चारसमोर “रिकामा” नव्हतं. दुसऱ्या पेननं लिहिलं होतं, “तू म्हनशीन तं मी अकोल्याले जात नाई.”

पहिल्यांदा मी हसले. डोंगर फोडणारा नायक आणि अकोला. मग हसू थांबलं. दुपारची वेळ होती, मालक जेवायला गेले होते, मशीन एका नगरसेवकाचा चेहरा हळूहळू बाहेर काढत होतं. मी चौथ्या फुग्यातले ठिपके पुसले आणि त्याचं वाक्य बसवलं. दोन ओळींत नीट मावलं. मी बराच वेळ त्या वाक्याकडे पाहत बसले. मनातल्या मनात उत्तरही दिलं, आणि ते हो होतं.

नंतर मामी आठवली. दर्यापूरला बाबा आठवले, बस स्टँडवर लोक त्यांना काय काय विचारतील ते आठवलं. मी वाक्य पुसलं. माझा कॉम्प्युटर जुना, फाइल जड झाली की लटकायचा, म्हणून पान झालं की खालचं-वरचं सगळं एकत्र करून टाकायची मला सवय होती; मग पुसलेलं परत आणता येत नाही. मूळचे ठिपके त्यात गेलेच होते. मी कीबोर्डवर तीनदा टिंब दाबलं आणि पान ग्रुपवर टाकून दिलं. जेवणाचा डबा मात्र तसाच परत नेला.

दुसऱ्या दिवशी तो आला. चहा ठेवला आणि खुर्ची ओढत म्हणाला, “चार नंबरचा फुगा पाह्यला काय?”

“कोनता? तो रिकामा?” मी स्क्रीनवरून नजर काढली नाही. “रिकाम्या फुग्याले मी हात लावत नाई, तुले माहीत हाय ना. वहीतबी पाहत नाई.”

“बरं,” तो म्हणाला.

थापा मारायची सवय मला दुकानानं लावली आहे, संध्याकाळी देतो म्हणून परवा द्यायचं. पण ही थाप इतकी सफाईदार बसली, की माझं मलाच बरं वाटलं. त्याचा अपमान झाला नाही, माझ्यावर काही आलं नाही, मैत्री शाबूत. असंच मी स्वतःला सांगत राहिले.

एक तारखेला तो जाणार होता, पण गेला नाही. अकोल्यात खोलीचं जमलं नाही, पंधरा दिवस मुदत मागून घेतली, असं म्हणाला. ते पंधरा दिवस तो रोज दुकानात यायचा, चहा आणायचा, बसायचा. मी बडबडत होते. नायक कसा भित्रा, त्या पोरीनं तरी किती वाट पाहायची, वगैरे. सोळाव्या दिवशी तो गेला. काही महिने वहीच्या पानांचे फोटो पाठवत राहिला. मग साहेबानं काम वाढवलं, मग ग्रुप बंद पडला.

तीन वर्षांनंतर. चौकट टाकायची तर इथे टाकावी.

त्याचा फोन आला. लग्न ठरलं होतं, पत्रिका माझ्याकडूनच करून हवी होती. मजकूर वहीच्या पानावर लिहून फोटो पाठवला, तेच अक्षर. “मंगल परिणय” खाली त्याचं नाव बसवलं, शेजारी तिचं. तीनदा तपासलं. गठ्ठा कुरियरनं पाठवता आला असता, पण मी एसटीनं घेऊन गेले. मला एक गोष्ट सांगायची होती, आणि ती लग्नाआधी सांगितली नाही तर पुढे सांगायचा हक्कही राहणार नव्हता.

त्याच्या ऑफिससमोर चहाची टपरी होती. त्यानं एक पत्रिका काढून सगळी वाचली, म्हणाला, “एकबी चूक नाई.” दोन चहा सांगितले, माझा कमी साखरेचा.

मी म्हटलं, “तो चार नंबरचा फुगा मी वाचला होता. खोटं बोलली मी तुयासंग.”

त्यानं पत्रिका परत गठ्ठ्यात नीट सरळ करून ठेवली. “मले माहीत हाय.”

“कसं काय?”

“तुये ठिपके आडवे होते,” तो म्हणाला. “मूळचे उभे असतात. हात लावला नसता तं उभेच रायले असते. तू ते पुसले, माहं वाक्य बसवून पाह्यलं, आन मंग काढलं. तवाच समजलं मले.”

तीन वर्षं मी स्वतःला हुशार समजत होते. मग उगाच, काहीतरी बोलायचं म्हणून, विचारलं, “मंग बोलला काहून नाई?”

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. कप खाली ठेवत म्हणाला, “वाटलं, बसवून पाह्यलं म्हंजे मनात असन. थोडा टाइम देऊ तिले. म्हनून तं पंधरा दिवस मागून घेतले होते साहेबाले. खोलीचं तं पह्यल्याच दिवशी जमलं होतं.”

त्याची जेवणाची सुट्टी संपली. त्यानं गठ्ठा काखेत मारला, लग्नाला नक्की ये म्हणाला, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं. परतीच्या गाडीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी ते पंधरा दिवस एकेक करून आठवत होते. रोज तो चहा ठेवून माझ्यासमोर बसला होता, आणि मी रोज त्याला सांगत होते, की न बोलणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत.