हंडीतलं मीठ

कुणावर चटकन विश्वास ठेवणं माझ्या रक्तातच नाही. सासूनं दिलेला पानाचा विडासुद्धा मी उलगडून बघायची.

आम्ही ढिवर. गावच्या तळ्यात मासोळी वाढवायची आणि धरायची, यावर आमचं पोट. दोन वर्षं तळं रिकामं निघालं, तेव्हा तळ्याच्या मालकानं, मालगुजारानं तोंडावर सांगितलं, "औंदा मासोळीचं बी जगलं नाही, तर तळं दुसऱ्याले देतो." म्हणून बी, म्हणजे मासोळीची इवली पिल्लं, आणायला घरच्यांबरोबर, म्हणजे माझ्या नवऱ्याबरोबर, मीच गोंदियाच्या टेसनावर गेले. त्यांना एकट्यांना पाठवलं असतं, तर बेडकाची पिल्लं घेऊन आले असते!

एक बंगाली माणूस रेल्वेनं मातीच्या हंड्यांतून बी आणायचा. मी थोडी पिल्लं परातीत घेतली आणि हातानं पाणी गोल फिरवलं. आजारी पिल्लू पाण्याबरोबर वाहत मधे गोळा होतं, धडधाकट असेल ते उलटं पोहतं. ही सगळीच उलटी पोहली, आणि तिथंच मला संशय आला. एवढा प्रवास करून इतकी तरतरीत? पाण्यात बोट बुडवून चाखलं. खारट!

"मीठ काऊन घातलं?"

"दवा है, दीदी. सफर में चोट लगती है. घर जाकर तालाब का पानी थोड़ा-थोड़ा मिलाना. जल्दी मत करना."

दवा म्हणे! अंग चुरचुरतं म्हणून नाचत असतील मेली. घरच्यांनी पैसे मोजून हंडी बैलबंडीत ठेवली, पण माझ्या मनातली अढी काही जाईना.

वाटेत नागरा गावाजवळ एका विहिरीपाशी बंडी सोडली. घरचे बैलांना घेऊन नाल्यावर गेले. मी खारं पाणी फडक्यातून गाळून टाकलं आणि पिल्लं विहिरीच्या थंडगार पाण्यात सोडली. आता दिसेल म्हटलं खरं रूप. पिल्लं तडफडली, वाकडी झाली, आणि बघता बघता पांढरी पोटं वर आली. अगं बाई, मीच मारली!

घरचे परत आले. "काय झालं?"

"सांगत नव्हते मी? मीठ!"

गावात मालगुजारानं मेलेली पिल्लं पाहिली, मिठाचं ऐकलं. "फसवलं तुम्हाले त्यानं," म्हणाला, आणि तळं आणखी एक वर्ष आमच्याकडे ठेवलं. त्या बंगाल्याकडून कुणी बी घेऊ नये, असा निरोपही त्यानं गावोगाव धाडला.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही दुसऱ्याकडून बी घ्यायला टेसनावर गेलो. तो बंगालीही तिथं हंड्या मांडून बसला होता. गिऱ्हाईक येई, पाणी चाखी, थुंकून पुढे जाई. मला बघून तो धडपडत उठला.

"दीदी, आपने तो खुद परखा था! बोलो न इन लोगों को, माल अच्छा था न?"

गिऱ्हाइकं थांबली. घरचेही माझ्याकडे बघत होते. खरं बोलले तर तळं गेलं, एवढंच मला सुचत होतं.

"मले काय मालूम," मी म्हटलं.