सुट्टीतलं गुप्तधन

लोक मला विचारतात, एवढं सगळं होऊनही तू ती खजिन्याची पुस्तकं वाचतेस? वाचते. ज्या माणसांनी माझ्या लेकीला खड्ड्यात उतरवलं, त्यांनी जन्मात एक पुस्तक हातात धरलेलं नाही. पुस्तकांवर राग काढून मी काय मिळवू? राग काढायला माणसं आहेत, आणि ती अजून धडधाकट आहेत.

मी उमरग्याच्या एका दवाखान्यात रक्त तपासते. वर्षभर लोकांच्या अंगात काय कमी आहे तेच बघायचं. सुट्टीत मला ते नको असतं. जमिनीत काय जास्त आहे ते हवं असतं. म्हणून मे महिन्यात सासरी जाताना मी बसस्टँडजवळच्या रद्दीवाल्याकडून जाडजूड पुस्तकं घेऊन जायचे. मुखपृष्ठावर कवटी, मागं पडकं देऊळ, वर पेटलेलं हेलिकॉप्टर. पानं पिवळी, मधेच कुणाच्या तरी बिडीनं पाडलेलं भोक. नवरा चिडवायचा, "शिकलेली बाई आणि वाचतीय काय, तर ही भुताटकी." शिकलेल्या बाईला वर्षातून आठ दिवस अडाणी व्हायचं असतं, हे त्याला कधी पटलं नाही.

त्या पुस्तकांची गोडी मला नीट सांगता येते. त्यांत सासर नसतं. नायकाचे आईबाप पहिल्याच प्रकरणात सोयीनं वारलेले असतात. जंगलात हिंडून कुणाला ताप येत नाही, भुयारात कुणाची साखर वाढत नाही. माणसं मरतात, पण अर्ध्या पानात. मरता मरता कामाचं तेवढं सांगतात, मान टाकतात, आणि पुढच्या ओळीत बाकीचे पळायला लागतात. सुतक नाही, तेरावं नाही. माझ्याकडचा एकेक रिपोर्ट अख्खं घर वर्षभर आडवं करतो. त्यापुढं हे स्वस्तातलं मरण वाचायला लई बरं वाटायचं. आणि शेवटी खजिना समुद्रात तरी बुडतो नाहीतर म्युझियमला तरी जातो, त्यामुळं भावाभावांत वाटणीची भांडणं होत नाहीत.

माझं सासर जळकोटच्या पुढं, हायवे सोडून आत. थोरल्या दिरांचं हायवेवर हॉटेल, घरी काळी जमीन, खाऊनपिऊन सुखी माणसं. त्यांच्या एका शेतात बांधाला नाग कोरलेला दगड आहे. रझाकारीच्या धामधुमीत पळालेल्या एका सावकारानं त्याखाली हंडा पुरला आणि तो परत आलाच नाही, असं गावात बोलतात. आमच्या भागात असला दगड नाही असं गाव सापडायचं नाही. मीही ते कथेसारखंच ऐकायचे.

माझी लेक नऊ वर्षांची. ती पोटात उलटी होती, म्हणून सिझर करावं लागलं. डॉक्टरांनी आधी तिचे पाय बाहेर काढले, एवढं सासूबाईंनी नर्सकडून काढून घेतलं आणि गावभर सांगितलं की आमची नात पायाळू आहे. मी म्हटलं, "आत्या, ती पोट कापून काढलीय. त्यात पाय काय आणि डोकं काय."

"आदी पायच दिसलं न्हवं? मग झालं," त्या म्हणाल्या.

पायाळू माणसाचा पाय लागला की पाठीतली चमक जाते, असा समज आहे. त्यामुळं सुट्टीत सकाळी सकाळी आमच्या ओट्यावर बायका पालथ्या पडायच्या आणि माझी लेक त्यांच्या कमरेला हळूच पाय लावायची. बदल्यात बिस्किटाचा पुडा मिळायचा. मला हसू यायचं. दवाखान्यात त्याच बायका गोळ्या न्यायला येत, तेव्हा मी विचारायचे, पाय कमी पडला का.

पायाळूबद्दल दुसराही एक समज आहे. त्याच्या डोळ्याला जमिनीतलं धन दिसतं. तोही मला माहीत होता. घरात असून नसल्यासारखा, कोपऱ्यातल्या उखळासारखा.

गेल्या मे महिन्यात मी जेवणं झाल्यावर गच्चीवर पोरांना पुस्तकातली गोष्ट सांगत होते. डोंगराच्या पोटातलं देऊळ, खाली जाणाऱ्या पायऱ्या, दगडी दार. ते दार साखळी ओढून धरली तरच उघडं राहतं. मग म्हातारा वाटाड्या म्हणतो, एकानं इथंच राहायला पाहिजे. तो साखळी धरून उभा राहतो, बाकीचे सोनं घेऊन सुटतात. माझी लेक डोळे मोठे करून ऐकत होती. थोरले दीर कठड्याला टेकून बसले होते, त्यांनी विचारलं, "त्याचं नाव घेतलं व्हतं का आदी? का ऐनवेळंला ठरलं?"

"कशाचं, दादा?"

"ऱ्हायचं त्याचं. काय तरी द्यावंच लागतंय. फुकट कोण सोडतंय?"

मी म्हटलं, "दादा, त्यांच्याकडं पिस्तुलं होती, मागायची कुणाची टाप होती." सगळे हसले, नवराही हसला. दीर हसले नाहीत. मला वाटलं, दिवसभर हॉटेलात उभं राहून दमलेत.

अवसेच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी लेकीला न्हाऊ घातलं आणि नवं हिरवं परकर-पोलकं नेसवलं. शेजारच्या गावात हळद आहे, तिकडं नेते म्हणाल्या. नवरा तुळजापूरला मित्राकडं जातो म्हणून आधीच बाहेर पडला होता. मी कूलरसमोर खाटेवर आडवी होऊन पुस्तक उघडलं. नायक पाण्यानं भरत चाललेल्या विहिरीत अडकला होता. मला घरातलं काही ऐकू येत नव्हतं, आणि त्या सुखासाठीच तर मी ती पुस्तकं वाचायचे.

भर दुपारी एक म्हातारी कंबर धरून आली. "पोरगी कुठाय वो? पाय लावून घ्यावा म्हणलं."

"हळदीला गेलीय."

"कशाची हळद? मगाशी गाडीवर नागाच्या शेताकडं चालली व्हती की. तुमच्यातलंच कोण तरी गाडी चालवीत व्हतं. ऊन लई, म्या काय तोंड बघितलं न्हाय."

मी स्वयंपाकघरात गेले. हळदीला गेलेल्या सासूबाई तिथंच बसल्या होत्या, डाळ निवडत. मी विचारलं, पोरगी कुठं आहे. त्यांनी मान वर केली नाही. "यील की. देवाचं काम हाय, बोंबलू नको."

मग मला सगळं एकदम कळलं. न्हाऊ घालणं, नवे कपडे, अवस, गच्चीवरचा तो प्रश्न. पुस्तकात असं कळलं की मजा वाटते. मी तशीच नागाच्या शेताकडं धावत सुटले. पळता पळता मी नवऱ्याला फोन लावत होते. रिंग जात होती, तो उचलत नव्हता. उन्हानं फाटलेल्या काळ्या रानात चप्पल अडकून राहिली, ती तिथंच सोडली. मी देवाला नाही, नवऱ्यालाच हाका मारत होते.

नागाच्या दगडाशेजारी जेसीबीनं पुरुषभर उंचीहून खोल खड्डा काढला होता. जेसीबी निघून गेला होता. काठावर दीर, त्यांच्या हॉटेलातला आचारी आणि सीमेपलीकडून आलेला एक जाणता मांत्रिक, कपाळभर भस्म लावलेला. खड्ड्याच्या तळाशी माझी लेक मांडी घालून बसली होती. समोर लिंबं, नारळ, गुलाल. तिच्या अंगठ्याच्या नखाला काजळ लावलं होतं आणि ती त्यात टक लावून पाहत होती.

"काय दिसतंय, बाळ?" जाणता विचारत होता.

"पायऱ्या दिसतेत. मग दगडाचं दार."

"राखणदार काय म्हणतोय?"

"म्हणतोय, एकानं इथंच राहायला पाहिजे."

जाणत्यानं दिरांकडं पाहून मान हलवली. माझी गोष्ट माझ्या लेकीच्या तोंडून त्यांना सांगितली जात होती आणि ती माणसं खाली बघून ती खरी मानत होती. काठावर लाल फडक्यावर एक कोरा कोयता ठेवला होता, त्याला हळदकुंकू लावलेलं. मी चारी बाजूंना पाहिलं. कोंबडं नव्हतं, बोकड नव्हतं.

मी उडी टाकली. पाय मुरगळला ते नंतर कळलं. पोरीला खांद्यावर घेतलं आणि इतकी ओरडले की पलीकडच्या रानातले सालगडी धावत आले. त्यांनीच आम्हाला वर ओढलं. जाणत्यानं पिशवी काखेत मारली आणि तो कुणाकडं न बघता पांदीच्या वाटेनं निघून गेला. दीर म्हणाले, "काय करनार व्हतो आमी तिला? घरचीच पोरगी हाय. निस्तं बघायचं व्हतं." ते माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हते.

थोड्या वेळानं नवरा आला. त्यानं गाडी बांधावरच पाडली आणि भावाची कॉलर धरली. थोरल्या भावासमोर आवाज चढवलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. "माझ्या पोरीला हात लावतो तू?" असं म्हणून त्यानं त्यांना ढकललं. मग मला जवळ घेतलं आणि मी त्याच्या शर्टात तोंड खुपसून रडले. जगात हा एक माणूस आपला आहे, असं मला त्या वेळी अगदी मनापासून वाटलं. मी म्हटलं, पोलिसांत जायचं, असल्या कामाविरुद्ध कायदा आहे. तो म्हणाला, "जाऊ की. आधी घरी जाऊ, पोरगी घाबरलीय. मग सगळं करू." मला ते शहाणपणाचं वाटलं.

दुपारच्याच बसनं आम्ही उमरग्याला निघालो. बस निम्मी रिकामी होती. मी आणि लेक मागच्या बाकावर. माझा सुजलेला पाय लांब ठेवायला जागा हवी होती. तो पुढं बसला. मी तिच्या नखावरचं काजळ पदरानं पुसत होते, ते निघत नव्हतं. मी विचारलं, "मोठ्या काकांनी तुला गाडीवर नेलं, तेव्हा काय सांगितलं?"

"काका नाय. पप्पांनी सोडलं."

मी पुसत राहिले. "कुठं सोडलं?"

"रानात. म्हणले, आईला आत्ता नाय सांगायचं, तिच्या पुस्तकासारखं होणारे. संध्याकाळी तिला सोनं दाखवू." मग तिनं हात काढून घेतला, कारण मी फार जोरात पुसत होते. "नारळ त्यांच्या पिशवीत होता. कोयता मी धरला होता मांडीवर. पेपरात गुंडाळला होता, म्हणून नाय लागला."

"पप्पांनी दिला धरायला?"

"व्हय. नीट धर म्हणले."

मी पुढं पाहिलं. बॅगेवर डोकं टेकून तो झोपला होता. मान बसच्या गचक्यांबरोबर हलत होती. त्याला झोप लागली होती, हे मला आजही सहन होत नाही.

येणेगूरला बस थांबली. मी पोरीचा हात धरला आणि लंगडत दाराकडं निघाले. त्याच्या बाकाजवळून जाताना तिनं हळूच विचारलं, "पप्पाला उठवायचं नाय?"

मी म्हटलं, "नाही." आम्ही दोघी उतरलो आणि समोरच्या टपरीवाल्याला मी पोलीस ठाण्याला कुठून जायचं ते विचारलं.