पिस्टनला दिलेली फोडणी

तीस वर्षांत कुणालाच न सांगितलेली गोष्ट: आबांची, म्हणजे वडिलांची, पहिली मोटरसायकल मी जिवानिशी मारली. शिक्षा माझा धाकटा भाऊ दिलीप भोगतोय.

गाडी टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये मापानं ऑइल घालावं लागे. म्हसावदच्या बाजाराला निघालो त्या दिवशी नेमकं ऑइल संपलेलं. मी अकरावी सायन्सला (म्हणजे अडाण्याहून धोकादायक). तेल ते तेल, असा सिद्धांत मांडून मी आईचं शेंगदाणा तेल टाकीत मनसोक्त ओतलं आणि रिकामा डबा बारा वर्षांच्या दिलीपच्या हातात दिला. "आत ठेवून ये."

निघालो. मागे धूर, आणि धुराला खमंग वास. स्टँडवर एक म्हातारा ओरडला, "कोठे भजा तळी ऱ्हायनात रे?" दोन कुत्री गावाबाहेरपर्यंत पोचवायला आली. दिलीप मागून म्हणाला, "दादा, माले भूक लागनी."

म्हसावदच्या वेशीवर इंजिन खर्र करून जाम झालं. पपईच्या ट्रॅक्टरमध्ये घालून गाडी घरी आणली. मेकॅनिकनं ती उघडली, वास घेतला. "आबा, पिस्टनले कोनीतरी फोडणी दिधी शे."

"तेल कोन्ही टाकं?" आबांनी विचारलं.

"डबा तं दिल्याना हातमा व्हता," आई म्हणाली.

मी चपला बघत राहिलो. दिलीप माझ्याकडे बघत राहिला. त्या दिवसापासून दिल्यानं गाडीला हात लावायचा नाही, हा घरचा कायदा झाला. पुढे काठी गावच्या शाळेत मास्तर झाला, तरी इतकी वर्षं एसटी आणि जीपला लटकूनच गेला.

गेल्या महिन्यात त्यानं मोबाईलवर दोन अ‍ॅडव्हेंचर टूरर मोटरसायकली दाखवल्या. एक उंच, तोरणमाळच्या घाटात दगडांवरून हरणासारखी जाईल, पण थांबल्यावर दिलीपचे पाय जमिनीला लागणार नाहीत. दुसरी बसकी, मोठ्या टाकीची. पडली तर उचलायला वऱ्हाड बोलवावं लागेल.

"दादा, तुले काय वाटस?"

मी अर्धा तास ग्राउंड क्लिअरन्सवर, म्हणजे गाडीच्या पोटाखालच्या उंचीवर, बोललो. दुसऱ्या विषयापेक्षा तो सोपा होता.

खाटेवरून आबा म्हणाले, "कोनतीबी ले. पन पेट्रोल तुना मोठा भाऊ भरी, चावी त्यानाजोडे ऱ्हाई. त्याले अक्कल शे."

"चाली, आबा," दिलीप हसून म्हणाला. मी खोकलो. एवढंच जमलं.

उंचवाली घेतली. आता दर रविवारी बेचाळीस वर्षांचा मास्तर हेल्मेट घालून माझ्या दारात उभा राहतो. "दादा, चावी?" मी (चक्क मी!) ती देताना बजावतो, "जपून चालव."

मी दिलीपला एका वाक्याचं देणं लागतो, आबांसमोर: तेल मी टाकलं. आबांना अजून लख्ख ऐकू येतं, त्यामुळे तेही निमित्त माझ्याकडे नाही.