हात लावून पाहिलास?

आठवीत पांगाऱ्याची कविता शिकायची होती, म्हणून मी मोठ्या ऐटीत काटेसावरीचं फूल घेऊन वर्गात गेलो. दोन्ही फुलं लाल, दोन्ही झाडांना काटे. माझ्या मते एवढं पुरे होतं. मराठीच्या दातारबाईंनी फूल हातात घेतलं आणि म्हणाल्या, "अरे, उद्या मावशीलाही आई म्हणशील. त्याही सारख्याच दिसतात."

त्या रविवारी त्यांनी अख्खा वर्ग शहाडला, उल्हास नदीच्या काठी नेला. त्यांचा नियमच होता, झाडाला हात लावल्याशिवाय कविता उघडायची नाही. मी पांगाऱ्याला हात लावला, काटा रुतला, मग बाईंनी कविता म्हटली. ती आजही पाठ आहे. गणितातलं काहीच नाही. त्यानंतर वाटेत पांगारा दिसला की ओळखीचं माणूस भेटल्यासारखी मान हलायची.

पुढे योगायोगाने डोंबिवलीत आम्ही एकाच सोसायटीत आलो. बाई एकट्या, तळमजल्यावर, खिडकीबाहेर पांगारा. तो फुलला की त्या सगळ्यांना चहाला बोलवायच्या आणि कविता मला म्हणायला लावायच्या. ओळख ठरलेली, "हा माझा मावशीवाला."

मग मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो, गाडीही घेतली. गाडीला जागा नव्हती; खिडकीबाहेरचा पांगारा तोडला तर होणार होती. झाड तोडायच्या परवानगीचा अर्ज मीच लिहिला: 'खोड आतून पोकळ असून रहिवाशांच्या जीवितास धोका आहे.' शुद्धलेखनाची एकही चूक नाही. शिकवणारी कोण होती. अर्जाची प्रत नोटीस बोर्डावर लागली आणि बाईंनी मला बोलावलं.

"पोकळ आहे?"

"तसं म्हणतात, बाई."

"तू हात लावून पाहिलास?"

मी म्हणालो, कमिटीचा निर्णय आहे. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

झाड पडलं तेव्हा बुंधा भरीव निघाला, आत पांढरंशुभ्र लाकूड. बाईंनी खिडकीचा पडदा ओढून घेतला होता. महिन्याभरात त्या घोडबंदरला भाच्याकडे, एकविसाव्या मजल्यावर राहायला गेल्या. मी दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "इथून झाडं दिसतात रे. हिरवी. कुठलं कुठलं ते कळत नाही."

यंदा एप्रिलमध्ये त्या गेल्या. सोसायटीच्या शोकसभेत मी तीच कविता म्हटली. शेवटच्या कडव्याला पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. खोटं कशाला सांगू, मला जरा बरंही वाटलं.

 घरी आल्यावर बायको गाडीची किल्ली माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "छान म्हटलीत. आता खाली जाऊन गाडीवर कव्हर घाला. तिथे सावली नाही."