जाळीची गॅलरी

हैदराबादेत नल्लकुंट्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये गॅलरी म्हणावी अशी गॅलरी शेवटी एकाच घराला उरली होती आणि ते घर आमचं होतं. हे मी आजही छाती फुगवून सांगते. नव्वदनंतरची ती वर्षं. लोकांच्या हातात पैसा खेळायला लागला होता आणि बाजारात घेण्यासारख्या वस्तूही आल्या होत्या. ज्याने त्याने गॅलरीला ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावून तिची खोली करून टाकली होती. त्या खोलीत वॉशिंग मशीन ठेवायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचं. बाबांनाही तेच हवं होतं. पण आमच्या गॅलरीला आईने बारीक तारेची जाळी ठोकली, तीही स्वतःच्या हाताने, बाबांचीच पक्कड घेऊन.

जाळी कशासाठी, तर तिच्या फिंचांसाठी. चिमणीहून लहान, लाल चोचीची ही नर-मादीची जोडी. शेजारचं एक कुटुंब बदली होऊन गेलं, तेव्हा पिंजऱ्यासकट आईच्या गळ्यात घालून गेलं. आई म्हणायची, "पिंजऱ्यात जगतात गं ते, पण मग देवानं पंख कशाला दिले?" रोज सकाळी ती पिंजरा गॅलरीत नेऊन दार उघडायची. दोघं बाहेर येऊन स्टीलच्या ताटलीत अंघोळ करायची, उन्हात पिसं फुलवून बसायची, मग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसता धुडगूस. राळ्याचा डबा खुळखुळवला की आपणहून पिंजऱ्यात. त्यांना हे आईने शिकवलं होतं. दुसऱ्यांच्या घरची पाखरं स्वतःचीच पिसं उपटत बसलेली मी पाहिली आहेत. आमची मात्र तुकतुकीत असायची.

बाबांनी मात्र अट घातली होती. "एक जरी पाखरू उडालं ना, त्याच आठवड्यात सरकत्या खिडक्या. मग बसू देत पिंजऱ्यातच."

आई "बरं" म्हणाली. तिच्या "बरं"पुढे भल्याभल्यांचं काही चालत नसे.

त्या वर्षीच्या पाडव्याला घोटाळा झाला. बिल्डिंगमधल्या बाकीच्या घरांत तेलुगू पाडव्याची, म्हणजे उगादीची, चिंच-गूळ-कडुलिंबाची पच्चडी घोटली जायची. गुढी मात्र एकट्या आमचीच, त्यामुळे ती खालच्या रस्त्यावरून दिसलीच पाहिजे हा बाबांचा हट्ट. सजवलेली गुढी बाहेर काढायची तर जाळीचा एक कोपरा सोडावा लागे. तो सोडला, गुढी तिरकी बाहेर सारली, कठड्याला सुतळीने करकचून बांधली. पूजा, आरती, नैवेद्य, या सगळ्या गडबडीत कोपरा परत अडकवायचा राहिला. कुणाकडून राहिला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

जेवणं उशिरा झाली, माझं तेवढं श्रीखंड उरलं होतं. त्यानंतर आईने रोजच्यासारखा डबा खुळखुळवला. नर आला. मादी आलीच नाही.

आईचा चेहरा उतरला. बाबा गॅलरीत जाऊन कठड्याची रुंदी वितीने मापून आले. मला इतका राग आला की ताटातलं श्रीखंड तसंच टाकून मी उठले.

दुपार कलल्यावर खालच्या मजल्यावरच्या काकांची हाक आली. "भाभी, ऊपर देखो! तुम्हारे डंडे पे बैठी है!"

खरंच होतं. गुढीच्या टोकाला, कडुलिंबाच्या डहाळीत ती बसली होती आणि खणाच्या जरीचा एक धागा चोचीने ओढत होती. आईने नराचा पिंजरा सुटलेल्या कोपऱ्यापाशी टांगला. तो टीं टीं करून बोलवायचा, ती तिथूनच उत्तर द्यायची, पण जागची हलायची नाही. वर घारी फिरत होत्या. आणि दिवस मावळायच्या आत गुढी उतरवायलाच हवी होती.

मी म्हणाले, "राहू दे ना एक रात्र."

"अंधारात ती काय टिकते?" आई म्हणाली. "गुढी उतरवायचीच. तिच्यासकट." मग बाबांकडे वळून, "अहो, तुम्ही काठीचं बूड धरा आणि मागं मागं चला. हल्लू."

बाबांनी बूड धरलं. मी पंखा बंद केला. आईने सुतळी सोडली आणि काठीचा सगळा भार दोन्ही हातांवर घेतला. बाबा उलट्या पावलांनी हॉलमधून स्वयंपाकघराकडे निघाले. एकदा टीपॉयचा कोपरा त्यांच्या पोटरीत लागला, पण त्यांनी ब्र काढला नाही. नुसता एक झटका दिला असता तरी पाखरू उडालं असतं आणि त्यांना त्यांच्या खिडक्या मिळाल्या असत्या. पण त्यांनी काठी अशी धरली होती, जशी काही ती काचेचीच आहे. खण कोपऱ्यातून आत येताना पाखरू फडफडलं. आईने श्वास रोखून हात तिथल्या तिथे थांबवले. ते पुन्हा डहाळीवर टेकलं. मग गाठी आत आली, तांब्या आत आला, आणि ती बयाही आली, चोचीतला जरीचा धागा न सोडता. मी कोपरा लावला.

आई मटकन खाली बसली. अशी बाई अख्ख्या हैदराबादेत दुसरी नसेल, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

खालून काकांनी विचारलं, "मिली क्या, सर?"

बाबा पोटरी चोळत कठड्यापाशी गेले आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा म्हणाले, "मिलने को गई कहाँ थी? हमारी मिसेस की चिडिया है. उसको छोड के जातीच नहीं!"