मिस वेअरिंग आणि ते गाणं

मिस वेअरिंगना कोणी गायला सांगितलं की त्या म्हणायच्या, "दुकान बंद आहे, डिअर." हे केमिस्टच्या रांगेत व्हायचं, बस स्टॉपवर व्हायचं, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये तर हमखास. त्यांना ओळखणारी माणसं लंडनच्या कडेच्या आमच्या इल्फर्डमध्ये फार उरली नव्हती, आणि होती ती सगळी सत्तरीच्या पुढची. एखादी बाई जवळ यायची, चेहरा निरखायची आणि म्हणायची, "तुम्ही त्याच ना? आमच्या लग्नात तुमचं ते गाणं वाजवलं होतं." मिस वेअरिंग मान डोलवायच्या. मग दोन ओळींची फर्माईश आली की दुकान बंद. औषधांची पिशवी उचलून त्या बाहेर पडायच्या आणि दारात थांबून फक्त मला ऐकू येईल असं म्हणायच्या, "लग्न तरी टिकलं असेल, अशी आशा करू या."

दोन हजार चार-पाचच्या सुमारास आम्ही त्यांच्या वरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहत होतो. आम्ही म्हणजे खरं तर मीच. सुधीरचं, माझ्या नवऱ्याचं, कॉन्ट्रॅक्ट लंडनच्या पार पलीकडे ब्रॅकनेलला होतं. रोजचं जाणं-येणं जमेना म्हणून त्याने तिकडे एका घरात खोली घेतली होती, आणि शुक्रवारी संध्याकाळी तो मळके कपडे घेऊन घरी यायचा. मी लिव्हरपूल स्ट्रीटजवळच्या एका बँकेत होते. ट्रेनमध्ये उभ्याने जायचं, उभ्याने यायचं. नागपूरला फोन केला की सांगायचं, सगळं छान चाललंय.

मिस वेअरिंगची ओळख जिन्यातच झाली. त्या दार उघडून उभ्या होत्या. उंच, सडपातळ, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, लिपस्टिक व्यवस्थित. म्हणाल्या, "तू रोज अर्ध्या जिन्यात थांबतेस. मला आतून ऐकू येतं. एवढं दमलेलं माणूस वर जाऊन स्वतःसाठी चहा करत नाही. आत ये."

मी आत गेले, आणि मग जातच राहिले. माझं नाव त्यांच्या तोंडी 'अना' झालं.

त्यांच्या घरात सिनेमाचा एकही फोटो नव्हता. त्या हॉलीवुडमध्ये होत्या हे मला केमिस्टमधल्या बायकांकडून कळलं. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "होते ना. काही वर्षं. लोक तुरुंगातही काही वर्षं असतात." पण एकदा सुरुवात झाल्यावर त्या हळूहळू सांगत गेल्या. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीतून व्हायचं. इथे मी ते माझ्या भाषेत लिहितेय.

त्यांचं खरं नाव एल्सी टब्स. जन्म इथलाच, इल्फर्डचा. वडील ट्रामवर कंडक्टर, आई बायकांच्या हॅट शिवायची. युद्धाच्या काळात एल्सी डान्स बँडबरोबर गायला लागली. सैनिकांच्या कँटीनमध्ये, हॉस्पिटलात, कुठेही. युद्ध संपल्यावर एका अमेरिकन माणसाने तिला ऐकलं आणि सात वर्षांचा करार पुढे ठेवला. आईने नवी हॅट शिवून दिली, आणि ती हॅट घालून एल्सी जहाजात बसली.

"पहिल्या आठवड्यात त्यांनी माझं नाव काढून घेतलं, दुसऱ्यात मागच्या दाढा," त्या सांगायच्या. दाढा काढल्या की गाल आत जातात आणि कॅमेऱ्यात हाडं छान दिसतात. कपाळ लहान होतं म्हणून पुढचे केस मुळापासून उपटले. बोलणं बदललं. टब्स म्हणजे अंघोळीचे टब, ते पोस्टरवर कोण लावणार, म्हणून लिनेट वेअरिंग झाली. पहाटे मेकअपच्या खुर्चीत, दुपारी जेवणाच्या जागी सूप, रात्री झोपायला एक गोळी आणि सकाळी उठायला दुसरी. यातलं काहीही सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नसायची. घरातल्या जुन्या दुखण्याबद्दल बोलावं तसं बोलायच्या.

भूमिका मात्र ठरलेली असायची. नायिकेची मैत्रीण, नाइटक्लबमधली गायिका, नायक आधी जिच्या प्रेमात असतो ती. "गाणारी बाई पडद्यावर नुसती उभी असते, डिअर. जगायचं काम दुसऱ्या बायकांकडे." त्यांना अभिनय करायचा होता. स्टुडिओतले लोक त्यावर हसायचे आणि नवं गाणं हातात ठेवायचे.

आणि मग ते गाणं आलं. त्या त्याचं नाव कधी घेत नसत, नुसतं 'ते' म्हणायच्या. सर्दी झालेली असताना एका दुपारी रेकॉर्ड केलेलं. ते इतकं चाललं की पुढची चाळीस वर्षं त्या त्याच्यावर जगल्या. स्टुडिओ सुटला, त्या इंग्लंडला परत आल्या, तरी थिएटरांतून तेच. थिएटरं बंद पडायला लागली तेव्हा समुद्रकाठच्या गावांतले उन्हाळी शो, नाताळात मुलांच्या नाटकातली परी, कामगारांचे क्लब, शेवटी पर्यटकांची जहाजं. लोक सूप पीत असायचे आणि त्या ते म्हणत असायच्या. एका संध्याकाळी जहाजावर मधेच थांबल्या, बँडमास्तरला म्हणाल्या, "बास," आणि केबिनमध्ये जाऊन झोपल्या. त्यानंतर गायल्या नाहीत.

मी एकदा विचारलं होतं, "एवढा कंटाळा का? पोट भरलं ना त्याने?"

"पोट भरलं," त्या म्हणाल्या. "सगळं त्यानेच भरलं. दुसऱ्या कशाला जागाच राहिली नाही." आणि त्यांनी माझा रिकामा कप उचलला.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात बाबा, म्हणजे माझे सासरे, नागपूरहून आले. सासूबाई गेल्यानंतरचं त्यांचं पहिलंच येणं. रेल्वेतून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. मी कामावर गेले की ते व्हॅलेंटाइन्स पार्कमध्ये चक्कर मारायचे आणि उरलेला दिवस टीव्हीसमोर बसायचे. मला त्यांच्याकडे बघून अपराधी वाटायचं, पण संध्याकाळी बोलायचं त्राण नसायचं. त्यांनाही बहुधा नसायचं.

एका रविवारी दुपारी टीव्हीवर मिस वेअरिंगचा सिनेमा लागणार होता. त्यांचा सगळ्यात गाजलेला, त्या गाण्याचा. मी पेपरात वाचलं आणि बाबांना म्हटलं, "खाली राहतात ना त्या आजी, त्यांचा सिनेमा आहे आज."

बाबांनी कार्यक्रमाचं पान हातात घेतलं. नाव वाचलं. "हा सिनेमा मी पाहिलाय," म्हणाले. "हॉस्टेलला होतो तेव्हा. नागपुरात आला होता. तीनदा पाहिला."

मला फार आनंद झाला. मी खाली जाऊन मिस वेअरिंगना वर बोलावलं, कारण सांगितलं. त्या आधी नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, "नागपूर कुठे आहे?" मी सांगितलं, भारताच्या अगदी मधोमध. "एवढ्या लांबून प्रेक्षक आलाय तर चहाला येते. सिनेमा बघणार नाही, सांगून ठेवते."

पण आल्या आणि बसल्या. बाबा उठून उभे राहिले, "नमस्ते मॅडम," म्हणाले आणि त्यांना खिडकीजवळची खुर्ची दिली. सुधीर सोफ्यावर पेंगत होता. सिनेमा सुरू झाला. पडद्यावरची मुलगी सुंदर होती, पण खुर्चीतल्या बाईशी तिचं काही नातं आहे असं वाटत नव्हतं. गोष्ट साधीच. एक बाई नवऱ्याचं घर सोडते, लहान मूल मागे ठेवून, आणि या एका सिनेमात ती बाई मिस वेअरिंगच होत्या. ती निघण्याची वेळ आली, आणि पडद्यावरच्या लिनेट वेअरिंगने खिडकीला टेकून ते गाणं सुरू केलं. मिस वेअरिंग खाली आपल्या हातांकडे बघत बसल्या.

बाबा पुढे सरकले. "हे काय दाखवताहेत?" ते मला मराठीत म्हणाले. "हे असं नाहीये."

"काय नाहीये, बाबा?"

"गाणं कुठून आलं? इथे गाणं नाहीच. इथे ती ट्रंक भरते."

मिस वेअरिंगनी मान वर केली. "काय म्हणताहेत ते?"

मी सांगितलं. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची गल्लत झालीय, दुसऱ्याच कुठल्या सिनेमाशी. मी तसं म्हणणार होते, पण मिस वेअरिंगचा चेहरा बघून थांबले. त्यांनी रिमोट मागून घेतला आणि आवाज बंद केला. "त्यांना विचार, पुढे काय होतं."

बाबांना इंग्रजी उत्तम येत होतं, पण बाईंशी बोलायचा संकोच होता. ते माझ्याकडे बघून मराठीत सांगू लागले आणि मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेले.

"ती ट्रंक उघडते. आपले कपडे भरते. त्यात पोराचा स्वेटर येतो हाताला. तो काढून ठेवते, परत आत टाकते, परत काढते. मग झाकण लावायला जाते तर लागत नाही. म्हणून ती त्याच्यावर बसते. कडी लागते. पण ती उठतच नाही. नुसती बसून राहते. रडत नाही, काही नाही." बाबा थांबले. "आमच्या टॉकीजमध्ये लोक शेंगा फोडत सिनेमा बघायचे. सारखा कडकड आवाज. त्या वेळी कोणी शेंग फोडली नाही. मी दुसऱ्या दिवशी परत गेलो तेवढ्यासाठी. आईची आठवण आली होती मला."

"बसून राहते," मिस वेअरिंग म्हणाल्या. "मी ते कधीच कोणाला सांगितलं नाही. स्क्रिप्टमध्ये बसणं नव्हतं."

पडद्यावर आवाज नसलेलं गाणं चालू होतं. सुधीर जागा झाला होता आणि कोणी त्याला काय झालं ते सांगत नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. तो प्रसंग चित्रित व्हायच्या आदल्या दिवशी तार आली होती, की इल्फर्डला आई फार आजारी आहे. त्यांनी रजा मागितली. उत्तर मिळालं, शूटिंग संपू दे, मग जा. दुसऱ्या दिवशी त्या सेटवर गेल्या, ट्रंक भरली, झाकणावर बसल्या आणि पायांनी उठायचं नाकारलं. दिग्दर्शकाने कॅमेरा बंद केला नाही. नंतर जवळ येऊन एवढंच म्हणाला, की आज तू नटी झालीस. आई गेल्याची तार शूटिंग संपायच्या आत आली. मिस वेअरिंग मग कोणाला न विचारता निघून गेल्या, त्याबद्दल स्टुडिओने त्यांना घरी बसवलं, आणि करार तिथेच संपल्यासारखा झाला. त्यांच्या मागे सिनेमा एका गावात लोकांना दाखवून पाहिला. लोक म्हणाले, मधे फार उदास होतं. म्हणून तो प्रसंग काढला आणि त्यांचं एक रेकॉर्ड करून ठेवलेलं गाणं, दुसऱ्या कशासाठी तरी चित्रित केलेलं, त्या जागी चिकटवलं.

"मला सांगितलं, सगळ्या प्रिंट बदलल्या," त्या म्हणाल्या. "फिल्म जाळली म्हणाले. तो प्रसंग मी स्वतः कधी पाहिला नाही. एखादी जुनी प्रिंट चुकून जहाजात चढली असणार." त्यांनी बाबांकडे पाहिलं. "त्यांना ते गाणं आवडतं का, विचार."

बाबांनी या वेळी इंग्रजीत उत्तर दिलं. "मॅडम, मी ते आज पहिल्यांदा पाहिलं. तुम्ही गाता हे मला माहीतच नव्हतं."

मिस वेअरिंग हसल्या नाहीत. खुर्चीत मागे टेकल्या, डोळे मिटले. मग म्हणाल्या, "पन्नास वर्षं राग धरून ठेवला. राग धरायलाही ताकद लागते, अना. फार दमले मी." आणि खरंच त्यांना तिथेच झोप लागली. बाबांनी आपली शाल त्यांच्या पायांवर घातली. सिनेमा संपला तरी आम्ही तिघं बसून होतो.

त्या उन्हाळ्यात ती दोघं रोज पार्कमध्ये जायची. तळ्याकाठच्या बाकावर बसायची. काय बोलता, असं मी बाबांना विचारलं तर म्हणाले, "फारसं काही नाही. त्यांना त्यांच्या आईबद्दल सांगायला आवडतं. मी पण सांगतो थोडं, हिच्याबद्दल." सासूबाई गेल्यापासून त्यांनी आमच्याकडे त्यांचा विषय एकदाही काढला नव्हता. ते नागपूरला परत निघाले तेव्हा मिस वेअरिंग फाटकापर्यंत आल्या. त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी परत आलात, त्याबद्दल थँक यू." बाबा टॅक्सीत एअरपोर्टपर्यंत खिडकीबाहेर बघत होते.

पुढच्या हिवाळ्यात मिस वेअरिंगना न्यूमोनिया झाला. मी शनिवार-रविवारी हॉस्पिटलात जायचे, एखाद दिवस लंचनंतर सुट्टी काढून. शेवटी शेवटी त्या फार बोलत नव्हत्या. एका दुपारी मात्र स्पष्ट म्हणाल्या, "माझ्या वेळी ते वाजवू देऊ नकोस. लोक म्हणतील वाजवा. तू नाही म्हण." मी हो म्हटलं. दोन दिवसांनी त्या गेल्या.

पेपरांत छोटे मृत्युलेख आले. सगळ्यांचा मथळा ते गाणंच होतं. बर्मिंगहॅमहून त्यांचा भाचा आला. सरळ, चांगला माणूस होता, त्याने क्रिमेटोरियमचं सगळं ठरवलं. "गाणं तर लावावंच लागेल," तो मला फोनवर म्हणाला. "येणारे त्यासाठीच येतील." मी त्याला त्यांचा निरोप सांगितला. तो गोंधळला. "पण का? तेच तर त्यांचं सगळं होतं." मी एवढंच म्हटलं, की त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय. मग तो म्हणाला, "ठीक आहे. मग काहीच नको लावायला."

तसंच झालं. पंधरा-वीस माणसं होती. पाद्री बोलला, भाचा बोलला, आणि जिथे गाणं वाजलं असतं तिथे शांतता होती. कोणीतरी खोकलं, कोणीतरी कोटाची बटणं लावली. शवपेटी पडद्यामागे गेली.

बाहेर आल्यावर एक म्हातारी बाई माझ्याजवळ आली. ती साउथएंडहून ट्रेनने आली होती, एकटी. रुमालाने नाक पुसत म्हणाली, "फार आवडायच्या मला त्या. पण गाणं वाजवायला हवं होतं, नाही का? त्यांना बरं वाटलं असतं."

मी तिच्याकडे पाहिलं. तिला सांगायचं तर मला नागपूरच्या टॉकीजपासून सुरुवात करावी लागली असती, आणि तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिला परतीची गाडी गाठायची आहे. मलाही बँकेत परत जायचं होतं. मी "हो" म्हटलं, तिच्या दंडाला धरलं, आणि आम्ही दोघी हळूहळू स्टेशनकडे चालत गेलो.